नव्या गाडीत चपला काढून

आमच्या पिकअपला झटके बसायचे. गाडी नवी कोरी, पांढरी, चार दरवाज्यांची आणि ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही, गिअर हातानं टाकायचा नाही, गाडी आपली आपण गिअर बदलते. पण आमची गाडी गिअर बदलताना मागून म्हशीनं ढुशी दिल्यासारखी पुढं उडायची. या एका दुखण्यापायी घरात काय काय झालं ते मीच सांगते. दुसरं कुणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि आमच्या गावात तिखट स्वस्त आहे.

मी अनिता. वडगाव रासाईत आमचं घर. नदीकडं ऊस, घराकडं थोडी शेवंती आणि कांदा. घरात नवरा, धाकटा दीर रविराज आणि सासूबाई झुंबरबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण सगळीकडं 'हे' आणि 'ह्यांनी' म्हणत बसले तर ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. म्हणून घेते. मच्छिंद्र. झालं.

मच्छिंद्रना डावा पाय गुडघ्याखाली नाही. उसाच्या ट्रॉलीची पिन घालताना ट्रॉली मागं सरकली, आणि मग पुण्याच्या दवाखान्यात जे करायचं ते केलं. त्याआधी आमच्या भागात गाडी चालवावी तर ह्यांनी, असं लोक म्हणायचे. कुणाचंही लग्न असो, नवरदेवाची गाडी ह्यांच्याच हातात. पाय गेल्यावर क्लच कोण दाबणार? मग ते ड्रायव्हरच्या शेजारी बसायला लागले आणि तिथं बसून दुसऱ्याचं ड्रायव्हिंग सुधारायला लागले. 'आता टाक तिसरा.' 'अरं, इंजिन रडतंय, ऐकू येतंय का तुला?' असल्या माणसाला शेजारी कोण बसवून घेतं? रविराज भाऊजी घ्यायचे, कारण सख्खा भाऊ पडला. बाकीचा वेळ मच्छिंद्र घरात. चहा गारच का, दावं सैलच का, दार वाजलंच का. ज्या बाईचा नवरा दिवसभर घरात असतो तिचं दुःख तिलाच ठाऊक.

ऑटोमॅटिक गाडीला डाव्या पायाचं कामच नसतं, ही गोष्ट त्यांना कळली आणि माणूस बदलला. आरटीओत खेटे घातले, लायसनवर तशी नोंद करून घेतली, भावाला पटवलं, आणि एक दिवस स्वतः गाडी चालवत अंगणात आले. हॉर्न वाजवला. मी गोठ्यातनं शेणाच्या हातानं बाहेर आले. खोटं कशाला बोलू, लग्नाच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला.

रासाईच्या देवळापुढं गाडीची पूजा झाली. आत्यांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि तिथल्या तिथं नियम घातला.

"चपला घालून कुनी बसायचं न्हाई. लक्ष्मी हाय ती."

हा नियम आमच्याकडं ट्रॅक्टर आला तेव्हाही होता, टीव्ही आला तेव्हाही त्या खोलीला होता. सगळ्यांनी मुकाट्यानं चपला काढल्या. भाऊजी अनवाणी गाडी चालवायला लागले. शेजारचा खंडू एक चक्कर मारायला आला, त्यानंही बूट काढून मोजे खिशात घातले. पुण्याहून पाहुणे आले तर हातात सँडल घेऊन मागच्या सीटवर अवघडून बसले. फक्त मच्छिंद्र दाराशी उभे राहिले. त्यांचा डावा बूट काढायचा म्हणजे पायच काढायचा. दवाखान्यातनं बसवून आणलेल्या नकली पायाला बूट कायमचा चढवलेला. आत्यांनी दुसरीकडं बघितलं.

"तुला चालतंय," म्हणाल्या.

पायाचा विषय आमच्या घरात निघत नाही. तो पाय पहाटे चढतो आणि दिवा मालवल्यावर उतरतो. उतरलेला फक्त मी बघितलाय. भावानं नाही, आणि जिनं जन्म दिला तिनंही नाही. लेंगा घालणारा माणूस, पण तेव्हापासून उन्हाळ्यातसुद्धा फुल पँट. झाकली मूठ सव्वा लाखाची.

झटके बसायला लागले ते पहिल्याच आठवड्यात. आधी थोडे, मग चांगलेच. मच्छिंद्र म्हणायचे, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मारते. कधी तिसऱ्यातून चौथ्यात. कधी आडवा खड्डा ओलांडला की. गंमत अशी की भाऊजींनी चालवली तर काही नाही. खंडूनं चालवली तर लोण्यासारखी.

"दादा, मला तर कायच जानवत न्हाई," भाऊजी म्हणाले.

"तू चालवतोसच किती? गाडी कळायला ती रोज चालवावी लागती."

हायवेला सर्व्हिस सेंटर आहे. तिथं प्रांजल नावाची मुलगी बसते, गोड बोलते, सगळ्यांना काका म्हणते. तिनं एक मेकॅनिक बरोबर देऊन गाडी फिरवून आणायला सांगितली. तो अनवाणी नव्हता, पण बिचाऱ्यानं गाडी छान फिरवून आणली. काही नाही म्हणाला. मच्छिंद्रनी त्याला शेजारी बसवून स्वतः चालवली, तर दोन चौकांच्या आत गाडीनं अशी ढुशी दिली की मेकॅनिकच्या हातातला टॅब खाली पडला.

प्रांजलनं गाडीला कॉम्प्युटर जोडला, बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "काका, या गिअरबॉक्सचं कसं असतं, तो शिकतो. चालवणारा कसा आहे, हळू की जोरात, ते बघून गिअर बदलायचं ठरवतो. तुमच्याकडं गाडी किती जण चालवतात?"

"गावात गाडी म्हटल्यावर..." मच्छिंद्र म्हणाले.

"तेच झालं असेल. गोंधळलाय तो. आम्ही त्याचं शिकलेलं सगळं पुसतो. आता काही दिवस फक्त तुम्हीच चालवा."

झालं. वैद्यानं सांगितलं आणि रोग्याला हवं होतं, दोन्ही एकच. घरी येऊन त्यांनी किल्ली खिशात घातली ती घातलीच. भाऊजींनाही देईनात. खंडूच्या पोरीचा साखरपुडा होता, त्याच्या जीपमध्ये पाहुणे मावेनात म्हणून त्यानं आमची गाडी मागितली. गावात गाडी मागायची असते आणि द्यायची असते, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. मच्छिंद्र म्हणाले, "मी घिऊन येतो पाहुणे, पन किल्ली न्हाई देत. गाडी शिकतीया." खंडू म्हणाला, "कितवीला हाय?" आणि निघून गेला. साखरपुड्याचा पेढाही आमच्याकडं आला नाही.

आणि एवढं करून झटके वाढले. साहजिकच आहे, आता गाडी फक्त हेच चालवत होते. पण ते आज सांगायला सोपं. तेव्हा आम्हाला वाटलं, खंडूनंच मुळात बिघडवून ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आमची जुनी रीत.

दुसऱ्या फेरीत प्रांजलनं सांगितलं की ब्रेकचे पॅड फार लवकर झिजलेत. "काका, ब्रेक जास्त वापरता का?"

हा प्रश्न मच्छिंद्रना विचारायला नको होता. "पोरी, मी ब्रेकला पाय न लावता दिवेघाट उतारलेला मानूस हाय," ते म्हणाले. मला हे त्यांनी घरी येऊन तीनदा ऐकवलं. पॅड बदलले. झटके होते तिथंच.

मग आत्यांच्या डोळ्याचं झालं. दौंडला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं होतं, एका डोळ्याचं. आठवड्यानं दाखवायला न्यायचं होतं. मच्छिंद्रनी नेलं. आत्या पुढच्या सीटवर बसतात, आणि मांडी घालूनच बसतात, पट्टा लावत नाहीत. 'मला काय बांधून ठिवतोस, मी काय वासरू हाय?' केडगावच्या अलीकडं गाडीनं ढुशी दिली आणि आत्या पुढं जाऊन आदळल्या. कपाळाला टेंगूळ आलं. डोळ्यावरचा काळा चष्मा मोडला. मी मागं बसले होते. त्या क्षणी आत्या नुसत्या तळहातानं डोळा झाकून बसल्या, आणि मच्छिंद्रनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं त्या हातांकडं मी बघत राहिले.

डॉक्टरांनी तपासलं आणि डोळा वाचला म्हणाले. थोडक्यात वाचला. पुन्हा दाखवायला सोमवारी बोलावलं.

घरी आल्यावर आत्या म्हणाल्या, "मी त्या गाडीत पुन्यांदा बसायची न्हाई." एवढंच. आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं.

भाऊजींनी रात्रीच्या जेवणात विषय काढला. वाईट माणूस नाही तो, भावाचं बरंच करायला बघतो. "दादा, शिक्रापूरचं एक गिऱ्हाईक हाय. सोमवारी सांच्याला बघायला येतो म्हनलाय. ही दिऊन टाकू, साधी गिअरची घिऊ. ड्रायव्हर ठिवू एक. तू बस की मालकासारखा शेजारी."

मच्छिंद्रनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "शनवारी शेवटचं सेंटरला टाकून येतो," म्हणाले. "त्यांनी गिअरबॉक्स खोलून बघू द्या. न्हाई झालं तर मग दे."

मला काय वाटलं ते सांगते. मला भीती वाटली. गाडी गेली तर जाऊ दे, लोखंड आहे. पण हा माणूस पुन्हा त्या शेजारच्या सीटवर बसला तर तिथून आता उठणार नाही, हे मला दिसत होतं.

शनिवारी ते गाडी घेऊन निघाले आणि मी मागून स्कूटी घेतली, कारण गाडी सेंटरला टाकल्यावर परत यायला काहीतरी पाहिजे. ढगाळ होतं. पारगावचा पूल ओलांडला, पुढं रस्ता सरळ आणि मोकळा. ना समोर गाडी, ना आडवी म्हैस. आणि मला दिसलं की पिकअपचे मागचे लाल दिवे लागलेत.

आधी वाटलं, काहीतरी आडवं आलं असेल. काही आलं नव्हतं. दिवे लागलेलेच. गाडी मात्र पुढं चाललेली, वेग घेणारी. मग दिवे विझले आणि त्याच क्षणाला गाडीनं ढुशी दिली. थोडं पुढं गेली, एक खड्डा आला, पुन्हा दिवे लागले. पुन्हा विझले, पुन्हा ढुशी. गाडी चालवणारा माणूस एकाच वेळी पळायलाही सांगत होता आणि थांबायलाही. मी म्हटलं, हा माणूस ब्रेकवर पाय ठेवून चालवतोय की काय? मग आठवलं, उजवा पाय तर अॅक्सिलेटरवर असणार. आणि डावा?

मी स्कूटी जोरात घेतली, हॉर्न वाजवत पुढं गेले आणि हात करून गाडी थांबवली.

"काय झालं?" त्यांनी काच खाली केली.

"मी बसते थोडा वेळ. स्कूटी राहू दे इथं."

"पंक्चर हाय का?"

"न्हाई. तुम्ही चालवा." मी चपला काढून शेजारी बसले. त्यांनी गाडी काढली आणि मी रस्त्याकडं न बघता खाली बघत राहिले. डावा पाय कोपऱ्यात, जिथं ठेवायचा तिथंच होता. एक खड्डा आला, गाडी हलली आणि तो पाय घसरून उजवीकडं आला. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकचं पायडल रुंद असतं. बुटाची कड त्याच्यावर चढली आणि तिथंच बसली. मच्छिंद्र समोर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कसं असेल? लाकूड आणि रबराला काय कळतं कुठं टेकलंय.

"अहो," मी म्हणाले, "तुमचा पाय ब्रेकवर हाय."

"उजवा हिकडं हाय."

"डावा म्हनते मी."

"डावा कोपऱ्यात हाय."

"न्हाई."

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली बघितलं. बघितलं तेव्हा बूट पायडलवरच होता. त्यांनी हातानं पँट धरून तो उचलला आणि कोपऱ्यात ठेवला. मी म्हटलं, आता मी धरते, तुम्ही चालवा. मी वाकून दोन्ही हातांनी तो बूट धरून बसले आणि त्यांनी गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. गाडी कधी कुठल्या गिअरात गेली ते कळलंसुद्धा नाही. पार पुढच्या फाट्यापर्यंत गेलो. मग ते थांबले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

उसाचा एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

"म्हंजी गाडीत काय न्हाई," ते म्हणाले. "खोट माझ्यातच हाय."

"तुमच्यात न्हाई. त्या पायात हाय."

"एकच की ते. आईचा डोळा गेला असता माझ्या पायापायी. रवी बराबर बोलतोय. मी चालवूच नये."

असं बोललेलं मला चालत नाही. मला राग आला, आणि राग आला की मी तोंडाला कुलूप लावत नाही. "मग काढा तो पाय. सगळं गाव चपला काढून बसतंय या गाडीत. तुम्ही एकटेच बूट घालून बसता, म्हनून हे झालं. काढा आन् चालवा. डाव्या पायाचं काम न्हाई म्हनूनच घेतली ना गाडी?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भर रस्त्यात त्यांचा सदरा ओढून काढला होता.

"हितं?"

"हितं कोन हाय?"

कुणी नव्हतं. त्यांनी काचा वर केल्या, पँट दुमडली, पायाचा पट्टा सोडला, आणि तो पाय बुटासकट काढून मागच्या सीटवर ठेवला. गुडघ्यावर माझा स्कार्फ टाकला. गाडी माघारी वळवली आणि मला स्कूटीपाशी सोडलं. सर्व्हिस सेंटरला जायचं काही कारणच उरलं नव्हतं. परत येताना मी मागं होते. दिवे फक्त गतिरोधकाला लागले, आणि एकदा शेरडं आडवी आली तेव्हा. स्कूटीवर मला रडू आलं. वाऱ्यानं डोळ्यात पाणी येतं तसलं नव्हे, चांगलं हुंदके देऊन रडले, हेल्मेटच्या काचेला वाफ धरली.

पण सांगायला वाईट वाटतं, गावाच्या अलीकडं बाभळीखाली गाडी थांबली. मी मागं थांबले. थोड्या वेळानं निघाली तेव्हा पुन्हा लाल दिवे लागले. वेशीतून आत आले ते पाय घालून, ढुश्या खात. पारावरची माणसं बघत होती. घरी आल्यावर भाऊजींनी विचारलं, टाकली न्हाई का सेंटरला? तर म्हणाले, जागा न्हाई म्हनले. मग मला एकटीला गाठून म्हणाले, "कुनाला सांगू नको."

"मी न्हाई सांगत," मी म्हणाले. "पन सोमवारी गिऱ्हाईक यायचंय."

रविवार गेला. मच्छिंद्रनी गाडी धुतली. मुलीला सासरी पाठवताना बाप जसं उगाच सामान नीट लावत बसतो, तसं आतून पुसत बसले. पाय काढायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. मी फार तर म्हशीला पाण्यावर नेऊ शकते, ते सुद्धा तिच्या मनात असेल तर.

सोमवारी सकाळी आत्यांना दौंडला न्यायचं होतं. भाऊजींनी खंडूची जीप सांगितली होती. खंडू साखरपुड्याचं विसरला नव्हता, पण आत्यांसाठी आला. जीप अंगणात लावून तो उभा होता. आत्या नवीन काळा चष्मा लावून, डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर आल्या. कपाळाचं टेंगूळ आता पिवळं पडलं होतं.

मच्छिंद्र पिकअपमध्ये बसले आणि त्यांनी ती आत्यांच्या समोर आणून उभी केली. पलीकडचं दार उघडलं.

"आई, बस. मी नेतो."

"म्या न्हाई त्यात बसायची," आत्या म्हणाल्या.

"दादा, उगं कशाला?" भाऊजी पुढं आले. "खंडू आलाय ना."

"आई, एकदा बस. ढुशी बसली तर तिथंच उतर, आन् सांच्याला रवीनं गाडी द्यावी, मी काय बोलायचो न्हाई."

आत्यांना दोन लेक आहेत आणि त्यांना दोघांचे आवाज कळतात. त्या ओटा उतरल्या. दारापाशी आल्या, नेहमीप्रमाणं चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या आणि आत ठेवायला वाकल्या.

"चपला काढल्यास ना?" मच्छिंद्र म्हणाले. "थांब. मी बी काढतो."

त्यांनी स्वतःच्या बाजूचं दार सताड उघडलं. काच नाही, पडदा नाही, अंगणातलं ऊन सरळ आत येत होतं. पँट दुमडली, पट्टा सोडला आणि पाय काढला. मी ओट्यावर होते. खंडूनं आधी बघितलं आणि मग खाली मान घातली. भाऊजींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. जिथं पाय संपतो ती जागा, इतकी वर्षं झाकलेली, गोरी पडलेली, सगळ्यांनी बघितली. मच्छिंद्रचं तोंड लाल झालं होतं, पण त्यांनी दार ओढून घेतलं नाही.

"ह्यो ब्रेकवर जात हुता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला कळत नव्हतं. गाडी चांगली हाय. खंडू, तुझा बी काय दोष न्हाई."

पाय हातात धरून ते मागं ठेवायला वळले. आत्यांनी हात पुढं केला.

"हिकडं दे."

"मागं ठिवतो की."

"दे म्हनते ना."

त्यांनी दिला. आत्या आत बसल्या, या वेळी मांडी न घालता, पाय खाली सोडून, आणि तो पाय मांडीवर घेतला. बुटावर धूळ होती, ती पदरानं पुसली. मग दोन्ही हातांनी पाय थोडा उचलून वजन बघितलं, जशी त्या बाजारात भोपळ्याचं वजन बघतात.

"लई जड हाय रं," म्हणाल्या. "एवढं वझं घिऊन हिंडतोस व्हय रोज?"

मच्छिंद्रनी सीटचा पट्टा ओढून आईला लावला, आणि आत्यांनी लावून घेतला.

मी मागच्या सीटवर जाऊन बसले. मागून जीप घेऊन खंडू केडगावपर्यंत उगाचच आला, बहुतेक दिवे बघायला, मग हात करून वळला. दौंडपर्यंत गाडी अशी गेली की आत्यांना मध्ये डुलकी लागली. झोपेतसुद्धा तो पाय त्यांनी सोडला नाही. बायपासला जागी होऊन म्हणाल्या, "मीच म्हनले हुते तुला चालतंय म्हनून. माझंच चुकलं. नेम म्हंजी समद्यांना सारखा पायजे."

गिऱ्हाइकाला भाऊजींनी मधल्या वेळात फोन करून नको म्हणून कळवलं होतं. ते मला संध्याकाळी कळलं.

दवाखान्याच्या दारात गाडी लागली. मी उतरून पलीकडून आत्यांना हात दिला. त्यांनी आधी आपल्या चपला जमिनीवर टाकल्या. मग कुणाचा हात न घेता गाडीला वळसा घालून मच्छिंद्रच्या दाराशी गेल्या आणि तो पाय त्यांच्यापुढं धरला. लोक येत-जात होते. त्यांनी पाय चढवून पट्टा बांधेपर्यंत आत्या दार धरून उभ्या राहिल्या. मग दोघं मायलेक दवाखान्याच्या पायऱ्या चढून गेले आणि मी केसपेपर काढायला रांगेत उभी राहिले.